लाईन यायच्या आधीची सकाळ

पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने. वैशाखाला वसंत म्हणायची हिंमत विदर्भातल्या माणसाला होत नाही. आपल्याकडे वसंत माघ सरता सरता येतो, पळसावर चढतो, आंब्याच्या मोहोरात चार दिवस घुटमळतो आणि पाडव्याची गुढी उतरेपर्यंत निघूनही जातो. पुढे पारा चाळिशीला टेकला की सकाळी दहानंतर वावरात उभं राहवत नाही. म्हणून या दिवसांत हौसेचं जे काही असेल ते पहाटे पाच ते आठ एवढ्यातच उरकावं लागतं. विहिरीत पोहणं त्यात आलं, परसातल्या वेलांना आणि वाफ्यांना पाणी देणं आलं, आणि मांजरांनी रात्रभर केलेले उद्योग निस्तरणंही आलं. त्यातच शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असलं तरी येईल तेव्हा खरी.

या तिन्ही गोष्टी एकाच सकाळीत सुखाने नांदवायच्या असतील तर क्रम महत्त्वाचा: आधी विहीर, मग पंप आणि बाग, आणि सगळ्यात शेवटी मांजराची ताटली. मांजराच्या मते हा क्रम बरोबर उलटा आहे, आणि आपलं मत ते साडेचार वाजल्यापासून मांडत असतं.

माठावरची झाकणी ढकलणं, मच्छरदाणीत शिरून अंगठ्याला चावणं, फळीवरचा पितळी गडू पंजाने कडेपर्यंत आणून मग आपल्याकडे बघणं, हे सगळं खोडसाळ वाटलं तरी त्यामागे कारण आहे. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं आणि पहाटे व तिन्हीसांजेला पूर्ण जागं होतं, कारण उंदीर आणि पाखरं याच वेळी हलतात. आवाज झाला, माणूस उठलं, खायला मिळालं, असं दोन-चार दिवस घडलं की तो त्याचा पाठ होतो. मग साडेचारचे चार होतात, चारचे साडेतीन. यावर उपाय एकच. उठल्याबरोबर ताटली भरायची नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी नेम पाळला तर गडू फळीवरच राहतो; आजीने मधेच एकदा गुपचूप दूध घातलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुधाचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. मोठ्या मांजराला गाई-म्हशीचं दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. नुसत्या दूध-पोळीवर ठेवलेलं मांजर तर हळूहळू आजारी पडतं, कारण त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. उकडलेलं अंडं, तळ्यातली बारीक मासळी, कोंबडीचं काळीज थोडंसं, हे घालावं. आणि उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं ही समजूत सोडून द्यावी. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, फक्त ती घराजवळ करतं.

आता विहीर. पंप सुरू व्हायच्या आधीच पोहायचं, कारण रात्रभर झरे चालून पहाटे पातळी सगळ्यात वर असते, गाळ तळाशी बसलेला असतो आणि पाणी आरपार दिसतं. पंप दोन तास चालला की पाणी उतरतं, गढुळतं, आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या दगडावरचं शेवाळ पाय ठरू देत नाही. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, त्या भागाच्या वार्षिक सरासरीइतकं. आपल्याकडे २६-२७ अंश धरा. म्हणून फेब्रुवारीच्या पहाटे बाहेर १५ अंश असताना तेच पाणी कोमट लागतं आणि एप्रिलमध्ये थंडगार. हुडहुडी भरते ती बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला कोरडा वारा लागला की. टॉवेल घरी विसरू नये आणि खालच्या पायरीवरही ठेवू नये; वरच्या पायरीवर ठेवावा.

पाण्यात पाय घालण्याआधी मात्र स्टार्टरच्या पेटीकडे जायचं. लाईन रात्री-बेरात्री येते म्हणून बहुतेकांनी पेटीत ऑटो बसवलेला असतो: लाईन आली की मोटर आपोआप सुरू. त्यामुळे लाल बटण दाबून भागत नाही. मेन स्विच खाली ओढायचा, फ्यूजचे तिन्ही किटकॅट काढायचे आणि आपल्या चपलेत ठेवायचे, म्हणजे चप्पल घालताना आठवण राहते आणि दुसऱ्या कुणाला ते सहज सापडतही नाहीत. पाणबुडी मोटरच्या केबलला पाण्यात जोड असेल तर त्याची टेप वर्ष-दोन वर्षांत ढिली होते आणि पाण्यात करंट उतरू शकतो. अर्थिंगचा खड्डा चैत्रात कोरडा पडला की धोका आणखी वाढतो. त्यात पंधरवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावं. विहिरीवरच्या अपघातांत लोक बुडण्याचंच तेवढं बोलतात, विजेचं नाव मागाहून निघतं.

दुसरी गोष्ट टप्प्याची. आपल्या काळ्या खडकाच्या भागात विहिरीचा वरचा मातीचा आणि मुरमाचा भाग दगडाने बांधून काढतात आणि ते बांधकाम खडकावर टेकवतात. तिथे आतल्या बाजूला हातभर रुंदीचा ओटा राहतो, तोच टप्पा. पौषात तो दहा-बारा फूट पाण्याखाली असतो, कुणाला त्याची आठवणही नसते. होळीच्या सुमारास तोच दोन-तीन फुटांवर येतो, वरून दिसत नाही, आणि काठावरून सूर मारणाऱ्याचं डोकं किंवा घोटा नेमका त्यावर आदळतो. टप्पा जिथे आहे त्याच्या वरच्या कोरड्या दगडावर चुन्याची ठळक रेघ ओढून ठेवावी आणि माघानंतर उडी पूर्ण बंद. पायऱ्यांनीच उतरायचं. दर चार-पाच हातांवर गाठ मारलेली, टोकाला दगड बांधलेली दोरी सोडून आठवड्यातून एकदा खोली मोजावी. पातळी किती वेगाने उतरते ते त्यावरून कळतं, आणि बागेला पाणी किती दिवस पुरणार तेही.

बावीस फूट व्यासाच्या विहिरीत कडेपासून दोन फूट आत राहून गोल पोहलं तर एका फेरीचे साधारण १७ मीटर होतात. तीस फेऱ्या म्हणजे अर्धा किलोमीटर. पंधरा उजवीकडून, पंधरा डावीकडून. एकाच दिशेने फिरत राहिलं तर एक खांदा आणि मान धरते. भिंतीतल्या फटीत दिवड असतो, पाण्यातून सर्रकन जातो; तो बिनविषारी, आपण त्याच्या वाटेला गेलो नाही तर तोही येत नाही. काठाला आग्या मोहोळ असेल तर मात्र त्या विहिरीचा नादच सोडावा. वर्षानुवर्षं न उपसलेल्या, झाडोऱ्याने झाकलेल्या विहिरीतही उतरू नये, तिथे खाली प्राणवायू नसलेली जड हवा साचलेली असते.

पिण्याच्या पाण्याची विहीर पोहायला वापरू नये, हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरण्याच्या सवयीनेच नारू हा जंताचा रोग पसरत असे. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ सालचा आणि देश नारूमुक्त ठरला २००० साली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

झाडीपट्टीत विहिरीपेक्षा तलाव जवळचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे हे माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. तिथे पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूला पाणी खोल आणि मोकळं, तर पसरट बाजूला कमरेइतका गाळ, कमळाचे देठ आणि काठाला बेशरमचं रान. शिंगाडा लावलेल्या तलावात जुनी काटेरी फळं तळाशी पडलेली असतात. पायात वेल अडकली तर झटके देऊ नयेत, गाठ आवळते. पाठीवर तरंगून हाताने हळूहळू सोडवावी.

शिकणाऱ्यासाठी सुका दुधी भोपळा अजूनही ट्यूबपेक्षा बरा वाटतो, आणि तो परसातच तयार होतो. वेलावरचा गोल, बुडाशी रुंद असा एक भोपळा न तोडता राहू द्यायचा. देठ पूर्ण तपकिरी झालं, नखाने साल दबेनाशी झाली की चार बोटं देठासकट कापून सावलीत, वारा खेळेल अशा जागी टांगायचा. महिना-दोन महिन्यांत आतला गर सुकून बिया खुळखुळतात. सालीवर काळी बुरशी येते, ती पुसली की जाते. भोक पाडायचं नाही. देठाची जागा मेणाने बंद करायची. पाच लिटर मापाचा भोपळा स्वतःचं वजन वजा जाता साडेचार किलोच्या आसपास भार उचलतो; पाण्यातल्या माणसाला तेवढाही पुष्कळ होतो. चूक होते ती बांधण्यात. कंबरेला बांधला तर कंबर वर आणि तोंड पाण्यात जातं. काखेच्या खाली, छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक, सुती धोतराच्या पट्टीने घट्ट; नायलॉनची दोरी ओली झाली की सरकते आणि भोपळे पोटावर उतरतात.

आणि आपल्यामागे मांजर विहिरीवर येतंच. ताटली भरलेली नसते ना. कठड्यावर बसून खालच्या कबुतरांकडे बघत बघत तोल जातो. मांजराला पोहता येतं, पण ओल्या उभ्या दगडावर चढता येत नाही, आणि रात्री पडलं तर सकाळपर्यंत दमून बुडतं. तीन फुटांच्या फळीला पोत्याचं तरट गुंडाळून ती दोरीने कठड्याला बांधून पाण्यावर तरंगत ठेवावी. मांजर तरटात नखं रुतवून वर बसतं. मग टोपली सोडून काढता येतं. हाताने काढायला जाऊ नये, घाबरलेलं मांजर ओरबाडतं. ओरबाडलं किंवा चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस सुरू करावी. जखम लहान आहे, मांजर घरचंच आहे, या सबबी चालत नाहीत.

पोहून झालं की किटकॅट जागेवर, आणि लाईन असेल तर पंप सुरू. बागेला पाणी आधी आणि मांजराला खाणं नंतर का, ते आता सांगतो. मांजर खाल्ल्यावर थोड्याच वेळात जागा शोधतं, आणि त्याला हवी असते कोरडी, भुसभुशीत, नुकतीच हलवलेली माती. म्हणजे आपला मेथी-सांबाराचा (कोथिंबिरीचा) वाफा. ओली माती त्याला आवडत नाही, पंजाला चिकटते. वाफे आधीच भिजलेले असले की ते आपण ठरवून दिलेल्या जागी जातं. ती जागा दिली पाहिजे, एवढंच. परसाच्या कोपऱ्यात, सावलीत, तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून नदीची बारीक रेती भरायची. दोन मांजरं असतील तर असे तीन. पहिल्या दिवशी त्याचीच थोडी घाण त्यात पुरून ठेवली की खूण पटते. घाण रोज काढायची: मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो, पण बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. गरोदर बाईने हे काम करू नये आणि कच्चा सांबार धुतल्याशिवाय कुणीच खाऊ नये.

बी पेरलेल्या वाफ्यासाठी विदर्भात सगळ्यात चांगलं कुंपण फुकट मिळतं: तुराट्या. तूर निघून गेलेली असते, गंजी पडून असते. हातभर लांबीचे तुकडे करून चार-चार बोटांवर मातीत उभे खोचायचे. मांजराला वळायला जागा उरली नाही की ते बसत नाही. रोपं वीतभर झाली की काढून चुलीत. बोराटीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, पसरूनही काम भागतं, पण खुरपताना आपल्याच हाताला लागतात. संत्र्याच्या साली टाकायचा सल्ला सगळे देतात. वास दोन दिवस टिकतो, पुढे मांजर सालींवरच बसतं. तिखटाची पूड टाकू नये, ते पंजे चाटतं आणि डोळे चोळतं. डांबराच्या गोळ्या तर विषच.

याउलट त्याला ओढून नेणारी एक गोष्ट बागेतच उगवते. खोकली नावाचं तण, काही जण कुप्पी म्हणतात. ओलाव्याच्या जागी वितीभराचं होतं, उभ्या तुऱ्यावर वाटीसारखी हिरवी पानं. निंदताना ते मुळासकट उपटलं की दूरवर झोपलेलं मांजर नाक वर करून येतं. आधी मुळीचा वास घेतं, मग गाल घासतं, लाळ गळते, आणि मग मुळी दोन्ही पंजांत धरून मातीत लोळतं, मागच्या पायांनी लाथा मारतं. पाच-दहा मिनिटांनी काही घडलंच नाही असं उठून अंग चाटू लागतं. पानांकडे ढुंकूनही बघत नाही, सगळी जादू मुळीत. उपटलेली खोकली वाफ्यांपासून लांब, रेतीच्या बाजूला टाकावी. चघळू द्यावी, पोटभर खाऊ देऊ नये.

भाज्यांपैकी भेंडीचं थोडक्यात: बी रात्रभर भिजवून, ओळीत फूटभर आणि रोपांत वीतभर अंतर, एका जागी दोन बिया. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला. ते झाड दया न दाखवता उपटायचं. मार्चअखेर वाफ्याला चौरस मीटरला रोज सहा-सात लिटर पाणी लागतं आणि वर दोन-तीन इंच सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे भुशाचं, आच्छादन. कुटार टाकल्यावर लगेच भिजवावं, कोरडं राहिलं तर मांजराने गादी घातलीच समजा.

वेलांचा विषय मोठा. दोडके, कारली, दुधी, ढेमसं, काकडी यांना फूटभर लांब-रुंद-खोल आळं, दोन टोपली माती, एक टोपली कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप दोन पानांवर असताना लाल भुंगेरे चाळणी करतात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात, हाताने वेचता येतात. नऊनंतर हात लावायच्या आत उडतात. नेहमीची तक्रार असते ती पुढची: फुलं भरपूर, फळ एकही नाही. ऊन वाढलं की वेलावर नर फुलं जास्त येतात, युरिया जास्त पडला तर वेल नुसता माजतो, आणि रखरखीत हवेत माश्या फिरत नाहीत. हाताने परागीकरण करावं, पण वेळ ओळखून. कारलं आणि काकडी सकाळी उमलतात, आठ-नऊपर्यंत काम झालं पाहिजे. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात; त्यांच्यापाशी सकाळी गेलं तर मिटलेली फुलं बघून परत यायचं. मादी फुलामागे चिमुकलं फळ असतं, नर फुलामागे नुसता देठ. ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तिन्ही भागांना हलकेच लावायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

मोगऱ्याचं काम जानेवारीतच झालेलं असतं: पंधरा दिवस पाणी तोडायचं, निम्म्यावर छाटायचं, खत घालून भरपूर पाणी. आता फक्त कळ्या बघायच्या. जांभळट पडून सुकणाऱ्या कळीत अळी असते, ती कळी तोडून नष्ट करावी. कण्हेर मात्र मांजराच्या आणि पोरांच्या वाटेत लावू नये, तिचा प्रत्येक भाग विषारी.

विषाचं आणखी थोडं. कणकेत काळी पूड मिसळून उंदरांसाठी ठेवतात ते झिंक फॉस्फाईड. त्याला उतारा नाही. उंदीरनाशकाच्या निळ्या-हिरव्या वड्यांनी उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, तो सुस्त झाला की मांजराच्या तावडीत सहज सापडतो आणि विष पुढे जातं. ज्या घरात मांजर आहे तिथे पिंजरा लावावा. आणि ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते, त्याच्या यकृताला ती पचवताच येत नाही.

दिवस मोठे होऊ लागले की भाटी, म्हणजे मांजराच्या माद्या, माजावर येतात, ६३ ते ६५ दिवसांनी वितात, म्हणजे नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये. आणि त्या वेळी भावाची वाट बघत अर्धं घर कापसाने भरलेलं असतं. त्याच्याहून मऊ जागा भाटीला दुसरी कुठे मिळणार? कापसाला वास लागतो, डाग पडतात, ग्रेडर नाक मुरडतो. विण्याच्या आठवडाभर आधी अंधाऱ्या खोलीत संत्र्याची लाकडी पेटी आडवी ठेवून त्यात जुनं लुगडं अंथरावं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. सारखं डोकावलं तर नक्कीच फिरवतं. सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तोवर लांबूनच बघावं. कुटाराच्या ढिगात काटा घालण्याआधी हाताने चाचपून घ्यावं.

दूध पाजत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहते, म्हणून पिल्लं आठ आठवड्यांची झाली की तिची नसबंदी करून घ्यावी. पिल्लांची पाच-सहा महिन्यांत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रिया कोणत्या वारी होते ते आधी विचारून जायचं आणि किती तास उपाशी ठेवायचं तेही डॉक्टरांकडूनच घ्यायचं. फटफटीवर मोकळं मांजर मांडीवर घेऊन जाऊ नये, झाकणाची टोपली घ्यावी आणि झाकण सुतळीने बांधावं. आणल्यावर दहा दिवस घरातच, माती-कुटारापासून लांब, टाके चाटू न देता. सांबार नव्याने पेरायचा असेल तर याच दहा दिवसांत पेरून घ्यावा.